लष्करी नेटवर्कचे रक्षण करणारे साधन कसे घडवावे

इंदूरहून पंचवीसेक किलोमीटरवर महूला, म्हणजे आजच्या डॉ. आंबेडकरनगरला, भारतीय लष्कराचे मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग आहे. सिग्नल्स दलाचे अधिकारी तेथे दळणवळणाच्या तंत्राबरोबर सायबर संरक्षणाचेही शिक्षण घेतात. शेजारीच हे घडत असल्यामुळे एसजीएसआयटीएस, आयआयटी इंदूर किंवा देवी अहिल्या विश्वविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींच्या मनात कधी ना कधी प्रश्न येतो, की सैन्याच्या नेटवर्कचे रक्षण करणारे एखादे साधन आपल्याला घडवता येईल का. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र कचेरीच्या किंवा बँकेच्या नेटवर्कसाठी लिहिलेले साधन थोडे बदलून येथे चालत नाही, कारण येथील अटीच वेगळ्या आहेत: इंटरनेट नाही, माहिती नेणारा दुवा अरुंद, म्हणजे कमी गतीचा, आहे, साधन चालवणारा माणूस दोन-तीन वर्षांत बदलीवर जातो, आणि साधनाच्या चुकीने नेटवर्क बंद पडले तर शत्रूचे काम आपणच केलेले असते. पुढील मार्गदर्शन नेटवर्कवरील हालचाल शांतपणे पाहून संशयास्पद गोष्ट दाखवणाऱ्या एका लहान शोधक साधनाविषयी आहे, कारण पहिले साधन म्हणून तेच सर्वांत योग्य आहे असे माझे मत आहे.

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट असावी. खऱ्या लष्करी किंवा सरकारी नेटवर्कला, केवळ कुतूहलापोटीसुद्धा, हात लावायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७० खाली संरक्षित घोषित केलेल्या प्रणालीत विनापरवानगी शिरल्यास किंवा तसा प्रयत्न केल्यासही दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि कलम ६६एफ मधील सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा वेगळाच. पुढे सांगितलेले सर्व काम स्वतःच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या यंत्रांवर आणि स्वतः निर्माण केलेल्या वाहतुकीवर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीवर, होते. त्यासाठी कोणतीही गुप्त माहिती लागत नाही. ओळखीत सिग्नल्स दलातून निवृत्त झालेले कोणी काका असतील, तर त्यांना नेटवर्कचा आराखडा कधीही विचारू नये. रात्रपाळीत माणूस कसा काम करतो, नोंदवही कशी लिहिली जाते, दुरुस्तीला आलेल्या यंत्राचे काय होते, एवढेच विचारावे. ते उत्तर तुमच्या साधनाला अधिक उपयोगी पडेल.

धोक्याचा कागद आधी लिहावा

कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: काय वाचवायचे आहे, कोणापासून, आणि तो कोणत्या वाटेने येईल. विद्यार्थी तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘इंटरनेटवरून’ असे उत्तर देतात, आणि हे नेटवर्क इंटरनेटला जोडलेलेच नाही हे कळले की काम संपले असे समजतात. इतिहास वेगळे सांगतो. २००८ साली पश्चिम आशियातील एका अमेरिकी तळावर एका लॅपटॉपला दूषित पेनड्राइव्ह लावला गेला आणि ‘एजंट डॉट बीटीझेड’ नावाचा घातक प्रोग्राम अमेरिकेच्या गोपनीय नेटवर्कपर्यंत पोहोचला. तो काढून टाकण्यास सुमारे चौदा महिने लागले आणि त्या मोहिमेला ‘बकशॉट यँकी’ असे नाव पडले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने इराणमधील नातान्झ येथील, बाहेरच्या जगापासून तोडलेल्या, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रणेत प्रवेश मिळवला. त्याचे काही भाग दोन खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या डिजिटल प्रमाणपत्रांनी स्वाक्षरित होते, म्हणजे ते खऱ्या कंपनीचेच वाटत होते, आणि यंत्रे बिघडत असताना पडद्यावर मात्र आधी नोंदवून ठेवलेली सुरळीत मोजमापे दाखवली जात होती.

या दोन घटनांतून साधनाच्या रचनेसंबंधी तीन निष्कर्ष थेट निघतात. पेनड्राइव्ह, दुरुस्तीचा लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती या तीन वाटा कागदावर सर्वांत वर असाव्यात. स्वाक्षरी आहे म्हणून फाइल निर्दोष आहे असे साधनाने मानू नये. आणि एखाद्या यंत्राच्या प्रकृतीविषयी त्याच यंत्राने दिलेल्या माहितीवर साधनाने कधीही पूर्णपणे विसंबू नये. नेटवर्कच्या तारेवरून दिसणारी गोष्ट आणि यंत्र स्वतःबद्दल सांगते ती गोष्ट यांची तुलना करण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी. शेवटचा मुद्दा अनेक महागड्या साधनांतही दुर्लक्षित राहतो, म्हणून तो मी आग्रहाने मांडतो.

प्रयोगशाळा

प्रयोगशाळेसाठी मोठा खर्च लागत नाही. जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये मिळणारे तीन-चार वापरलेले संगणक आणि वाहतुकीची प्रत एका ठराविक पोर्टवर काढून देणारा एक मॅनेज्ड स्विच एवढ्यावर आरंभ होतो. एका संगणकावर सर्व्हर, दोनांवर वापरकर्ते, आणि चौथ्यावर तुमचे साधन. प्रत काढणारा पोर्ट सोयीचा असला तरी वाहतूक वाढली की तो काही पॅकेट (माहितीचे तुकडे) गाळतो, आणि गाळलेल्या पॅकेटांची कुठेही तक्रार होत नाही, हे विसरू नये. खऱ्या जागी त्याऐवजी प्रकाशतंतूतील प्रकाशाचाच थोडा भाग वेगळा काढणारा टॅप वापरणे अधिक भरवशाचे असते. साध्या प्रकाश-टॅपला वीजही लागत नाही आणि त्यातून उलट दिशेने काही पाठवता येत नाही.

पॅकेट वाचण्याचे काम शून्यापासून लिहू नये. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ च्या सुमारास ‘ब्रो’ नावाने सुरू केलेले आणि २०१८ पासून ‘झीक’ म्हणून ओळखले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर प्रत्येक जोडणीची स्वच्छ नोंद करून देते. सुरिकाटा ओळखीच्या हल्ल्यांच्या खुणा शोधते. तुमचे साधन या नोंदींवर उभे राहील. कचेरीच्या नेटवर्कवर काम करणारे जे करत नाहीत, ते मात्र तुम्ही अवश्य करावे, ते म्हणजे दुवा मुद्दाम खराब करणे. लिनक्समधील ‘टीसी’ आणि ‘नेटएम’ या सोयींनी गती सेकंदाला ९६०० बिटपर्यंत खाली आणता येते, भूस्थिर उपग्रहाच्या दुव्यावर येतो तसा जाऊन-येऊन सुमारे ६०० मिलिसेकंदांचा विलंब घालता येतो, आणि शंभरातील पाच पॅकेट हरवता येतात. ज्या साधनाची चाचणी फक्त वसतिगृहाच्या वेगवान वायफायवर झाली आहे, त्याची चाचणी झालीच नाही असे समजावे.

नेहमीचे काय ते आधी ओळखावे

लष्करी नेटवर्कची एक बाजू संरक्षकाला अनुकूल असते. कोणते यंत्र कोठे आहे, ते कोणाशी बोलते आणि केव्हा बोलते, यात महाविद्यालयाच्या नेटवर्कपेक्षा पुष्कळ शिस्त असते. नवा फोन रोज जोडला जात नाही, कोणी मनाला येईल ती सेवा सुरू करत नाही. त्यामुळे वाईट गोष्टींची यादी बाळगण्यापेक्षा परवानगी असलेल्या गोष्टींची यादी बाळगणे येथे शक्य आहे, आणि वाईट गोष्टींची यादी अद्ययावत ठेवायला लागणारे इंटरनेट नसल्यामुळे ते आवश्यकही आहे.

पद्धत अशी. प्रयोगशाळेचे नेटवर्क काही आठवडे नेमाने चालवावे, त्यात रोजची, आठवड्याची आणि महिनाअखेरीची कामे घालावीत, आणि कोणते यंत्र कोणाशी, कोणत्या पोर्टवर (म्हणजे सेवेच्या क्रमांकावर), कोणत्या वेळी आणि साधारण किती बाइट बोलते याचे एक कोष्टक साधनाने आपोआप बनवावे. त्यानंतर ते कोष्टक माणसाने ओळीओळीने वाचून मान्य करावे. मान्यतेची ही पायरी टाळू नये, कारण निरीक्षण सुरू होण्यापूर्वीच घुसखोर आत बसलेला असेल, तर यंत्र त्याचीही हालचाल ‘नेहमीची’ म्हणून शिकेल. हल्ली प्रत्येक प्रस्तावात यंत्र-शिक्षणाचा (मशीन लर्निंगचा) उल्लेख असतो. त्याला माझा विरोध नाही, पण ज्या जागी एक वाचता येण्याजोगे कोष्टक पुरते तेथे उलगडून न सांगता येणारे प्रारूप बसवणे मला उचित वाटत नाही, कारण इशारा का दिला हे पहाटे तीन वाजता पहाऱ्यावरच्या माणसाला समजले पाहिजे.

येथे थोडे गणित करू. समजा, नेटवर्कवर दिवसाला २० लाख जोडण्या होतात आणि तुमचा नियम हजारात एकदाच चुकतो. ऐकायला हे उत्तम वाटते, पण त्याचा अर्थ रोज २००० खोटे इशारे असा होतो. प्रत्येक इशारा तपासायला पाच मिनिटे धरली तर सुमारे १६७ तास लागतील, म्हणजे जवळजवळ सात माणसांनी चोवीस तास दुसरे काहीही न करता हेच काम करावे लागेल. चुकीचे प्रमाण लाखात एकवर आणले तर रोज २० इशारे उरतात आणि पावणेदोन तासांत काम होते. खरे हल्ले अत्यंत विरळ असल्यामुळे नियमाची किंमत तो किती हल्ले पकडतो यापेक्षा तो किती वेळा विनाकारण ओरडतो यावर अधिक ठरते. कोणताही नवा नियम साधनात घालण्यापूर्वी हे गणित त्या नियमाच्या शेजारी लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

पहिले काही नियम

पहिला नियम नव्या जोडीचा: आजवर एकमेकांशी कधीही न बोललेली दोन यंत्रे बोलू लागली तर कळवावे. घुसखोर एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकतो तेव्हा त्याला हे टाळता येणे फार कठीण जाते. दुसरा नियम अनोळखी उपकरणाचा, मग ते नेटवर्कच्या केबलला असो वा यूएसबी पोर्टला. यूएसबीसाठी संगणकावर छोटा प्रतिनिधी-प्रोग्राम लागतो. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली आणि तिच्यासोबत ‘चक्रव्यूह’ हे संरक्षण बसवण्याचा मार्ग धरला, त्यामुळे हा प्रतिनिधी केवळ विंडोजपुरता लिहून भागणार नाही.

तिसरा नियम अधिक रोचक आहे. आत शिरलेला घातक प्रोग्राम ठराविक अंतराने आपल्या मालकाला हाक देतो. त्या हाका ओळखण्यासाठी प्रत्येक जोडीच्या लागोपाठच्या जोडण्यांमधील अंतरे घ्यावीत, त्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढावा, आणि प्रत्येक अंतर त्या मध्यकापासून किती दूर आहे याचाही मध्यक काढावा. दुसऱ्या संख्येला पहिलीने भागून येणारे गुणोत्तर शून्याच्या जितके जवळ, तितकी हाक नियमित. साधी सरासरी वापरू नये, कारण दुवा एकदा तुटून जुळला की एकच प्रचंड अंतर सरासरीला बिघडवते आणि लष्करी दुवे तुटतातच. हुशार हल्लेखोर अंतरात मुद्दाम अनियमितता मिसळतो. साठ सेकंदांच्या हाकेत तो दोन्ही बाजूंना निम्म्यापर्यंत फरक करत असेल, तर हे गुणोत्तर पाव इतके होते, आणि आपण सीमारेषा ०.१ ठेवली असेल तर ती त्याला सोडून देते. म्हणून अंतराबरोबर प्रत्येक वेळी पाठवलेल्या बाइटांची संख्या किती सारखी आहे आणि हा प्रकार किती तास अखंड चालू आहे, याही गोष्टी पाहाव्यात. घड्याळ जुळवणारी आणि यंत्रांची प्रकृती तपासणारी वाहतूकही अशीच नियमित असते. ती मान्य कोष्टकात आधीच असल्यामुळे येथे त्रास देत नाही. या नियमाला मजकूर वाचावा लागत नाही, आणि बहुतेक वाहतूक कूटबद्ध असण्याच्या आजच्या काळात ही मोठी सोय आहे.

आणखी नियम सुचण्यासाठी माइटर संस्थेचा ‘अटॅक’ हा हल्ल्यांच्या पद्धतींचा सर्वांना खुला असलेला तक्ता घ्यावा. मात्र तक्त्यातील सगळे चौकोन भरण्याच्या मागे लागू नये. आपल्या धोक्याच्या कागदावर ज्या वाटा आहेत त्यांचेच चौकोन आधी.

वेळ, नोंदी आणि अरुंद दुवा

दोन यंत्रांची घड्याळे चार मिनिटांनी वेगळी असतील तर घटनाक्रम जुळवता येत नाही आणि तपास तेथेच थांबतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवणे या गोष्टी आहेत. लष्कराच्या आतल्या नेटवर्कचे नियम वेगळे असू शकतात, पण रचनेसाठी हे किमान माप धरावे. इंटरनेटपासून तोडलेल्या नेटवर्कला आपले स्वतःचे घड्याळ लागते आणि ते उपग्रहाच्या वेळेवर चालत असेल तर उपग्रहाचा संकेत दडपला गेल्यावरही काही दिवस भरवशाने चालेल असे हवे. नोंदीत वेळ नेहमी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहावी आणि पडद्यावर दाखवताना भारतीय वेळेत बदलावी.

१८० दिवसांच्या नोंदी ऐकून घाबरण्याचे कारण नाही. २० लाख ओळी, प्रत्येकी ३०० बाइट, म्हणजे दिवसाला ६०० मेगाबाइट आणि १८० दिवसांना १०८ गिगाबाइट. साधी डिस्क पुरते. कठीण भाग त्या नोंदी कोणी मागाहून बदलू नयेत हा आहे. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा एसएचए-२५६ ठसा (मजकुरावरून गणिताने काढलेली, मजकूर बदलताच बदलणारी अक्षरमाला) ठेवला की मधली एक ओळ बदलताच पुढची सगळी साखळी विसंगत होते. तरीही पूर्ण यंत्र ताब्यात घेतलेला हल्लेखोर साखळी नव्याने विणू शकतो. त्यावर मला एक जुनी पद्धत फार विश्वासाची वाटते: प्रत्येक पाळी संपताना ताज्या ठशाची पहिली १६ अक्षरे पहाऱ्यावरच्या माणसाने कागदी नोंदवहीत हाताने लिहावीत. नोंदवहीत नेटवर्कवरून शिरता येत नाही.

नोंदी वरच्या केंद्राकडे पाठवण्यासाठी एकदिशा मार्ग उत्तम. त्यात प्रकाशतंतूचा फक्त पाठवणारा धागा जोडलेला असतो, उलट दिशेचा धागाच नसतो, म्हणून केंद्र दूषित झाले तरी खालच्या नेटवर्कला त्या मार्गाने काही होत नाही. पण पोच परत येत नसल्यामुळे पोचेवर चालणारी टीसीपी ही पद्धत येथे चालत नाही. पोच न मागणाऱ्या यूडीपीवर प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावा, हरवलेले तुकडे उरलेल्यांवरून पुन्हा जुळवता येतील इतकी जास्तीची माहिती सोबत पाठवावी, आणि क्रमांकात खंड पडला तर केंद्राने तो स्पष्ट दाखवावा.

आता अरुंद दुवा. सेकंदाला ९६०० बिट म्हणजे १२०० बाइट, म्हणजे दुवा दुसरे काहीही करत नसला तरी सेकंदाला जेमतेम चार ओळी. पण तो दुवा हुकूम आणि अहवाल नेण्यासाठी आहे, तुमच्या नोंदींसाठी नाही. स्वतःसाठी शंभरातील पाच भाग मागितले तर पाच सेकंदांना एक ओळ हाती लागते. म्हणून नोंदी जागेवरच साठवाव्यात, जागेवरच पारखाव्यात, आणि वर फक्त इशारा व ताशी सारांश पाठवावा. लहान संदेश एकेकटे दाबले तर फारसे आकसत नाहीत. दोन्ही टोकांना आधीच ठेवलेल्या शब्दकोशासह झेडस्टँडर्ड ही दाबण्याची पद्धत वापरली तर चांगला फरक पडतो. दुवा तुटला तर संदेश रांगेत थांबावेत, आणि जुळल्यावर तातडीचे आधी जावेत.

साधन स्वतःच दार ठरू नये

या कामातील सर्वांत गंभीर भाग हा आहे आणि वेळही येथेच सर्वांत जास्त द्यावा. तुमचे साधन नेटवर्कवरील प्रत्येक गोष्ट वाचते, अनेक यंत्रांवर मोठ्या अधिकाराने चालते आणि सर्वांचा त्यावर विश्वास असतो. म्हणजे हल्लेखोराच्या दृष्टीने त्याच्याइतकी मोलाची वस्तू तेथे दुसरी नसते. कुंपणानेच शेत खाण्याचा प्रसंग येथे शब्दशः घडू शकतो आणि घडलेला आहे. २०२० मध्ये सोलरविंड्स या कंपनीच्या नेटवर्क-देखरेखीच्या सॉफ्टवेअरची दूषित आवृत्ती, कंपनीच्या खऱ्या स्वाक्षरीसह, सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि अमेरिकी सरकारच्या अनेक खात्यांत तिच्या वाटेने घुसखोरी झाली. १९ जुलै २०२४ रोजी कोणताही शत्रू नसताना क्राउडस्ट्राइकच्या संरक्षक सॉफ्टवेअरच्या एका अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. कारण इतके लहान होते की ते लक्षात ठेवावे: नियमांची फाइल २१ वे मूल्य वाचायला सांगत होती, प्रोग्रामकडे मूल्ये २० च होती, आणि हे वाचन प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) होत होते.

यातून उतरणारी शिस्त अशी. नियमांची फाइल ही ‘फक्त माहिती’ असे समजून तिला चाचणीतून सूट देऊ नये. तीही कोडइतकीच तपासावी. प्रणालीच्या गाभ्यात जितके कमी चालेल तितके बरे, शक्यतो काहीच नको. पॅकेट पकडणारा भाग, त्याचा अर्थ लावणारा भाग आणि इशारा देणारा भाग ही तीन वेगळी, कमीत कमी अधिकारांची कामे म्हणून चालवावीत, म्हणजे एकात छिद्र निघाले तरी बाकीची हाती लागत नाहीत. अर्थ लावणारा भाग शत्रूने लिहिलेले बाइट वाचतो, हे एक वाक्य भिंतीवर लावण्यासारखे आहे. वायरशार्कसारख्या जुन्या, नावाजलेल्या साधनांच्या याच भागात वर्षानुवर्षे दोष निघत आले आहेत. म्हणून तो भाग रस्टसारख्या, स्मृतीच्या चुका मुळातच रोखणाऱ्या भाषेत लिहावा, आणि त्यावर एएफएल++ सारखे, विस्कळीत डेटाचा मारा करणारे साधन कित्येक दिवस अखंड चालवावे. ऐकणारा एकही पोर्ट साधनाने पाहणीच्या बाजूला उघडा ठेवू नये. त्या बाजूच्या जोडणीला आयपी पत्ताही देऊ नये.

साधन बंद पडले तर काय, हे आधी ठरवावे. पाहणारे साधन बंद पडले तर वाहतूक चालू राहिली पाहिजे, आणि त्याच वेळी पाहणी थांबल्याचे कोणालातरी कळले पाहिजे. दर मिनिटाला ‘मी आहे’ असा संदेश न आल्यास केंद्राने इशारा द्यावा. संशयित यंत्र आपोआप तोडून टाकण्याची सोय पहिल्या आवृत्तीत ठेवू नये असे माझे ठाम मत आहे, कारण शत्रूने मुद्दाम खोटा संशय निर्माण करून आपल्याच हातून आपला दुवा तोडवून घेण्याची ती वाट आहे.

अद्यतन पेनड्राइव्हवरून किंवा डिस्कवरून जाईल हे गृहीत धरून त्याची वेगळी रचना करावी. प्रत्येक संचावर दोन वेगळ्या व्यक्तींच्या, वेगळ्या जागी ठेवलेल्या चाव्यांनी केलेल्या दोन स्वाक्षऱ्या असाव्यात आणि त्या दोन्ही पटल्याशिवाय साधनाने तो स्वीकारू नये. संचाला वाढता क्रमांक असावा, म्हणजे जुनी सदोष आवृत्ती खरी स्वाक्षरी दाखवून परत बसवता येणार नाही. नवी आवृत्ती आधी एका यंत्रावर, मग काहींवर आणि नंतर सर्वत्र, आणि मागे फिरण्याची सोय प्रत्येक पायरीवर हवी. अर्थात मागे फिरण्यासही त्याच दोन व्यक्तींच्या, नव्याने केलेल्या स्वाक्षऱ्या लागाव्यात.

बाहेरून घेतलेल्या कोडचा प्रश्न उरतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबण्याच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लपवलेले चोरदार सापडले. ते घालणाऱ्याने सुमारे दोन वर्षे उपयोगी काम करून प्रकल्पातील लोकांचा विश्वास मिळवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला आणि त्यांनी तो सोडून दिला नाही, म्हणून ते उघड झाले. तुमच्या साधनात कोणती ग्रंथालये (बाहेरून घेतलेले तयार कोड-संच), कोणत्या आवृत्तीची आणि कोठून आणलेली आहेत याची पूर्ण यादी ठेवावी. अशा यादीसाठी सर्ट-इननेही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ग्रंथालयांच्या प्रती आपल्याकडे ठेवून इंटरनेट नसलेल्या संगणकावर बांधणी करावी, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवावी, आणि दोन वेगळ्या संगणकांवर केलेल्या बांधणीतून बाइट-बाइट तीच फाइल निघते का ते पाहावे. न लागणारे प्रत्येक ग्रंथालय काढून टाकावे.

पडद्यासमोरचा माणूस

सिग्नल्स दलाचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ आहे, आणि साधनाचा पडदा त्या ब्रीदाला साजेसा हवा. इशाऱ्यात चार गोष्टी पुरतात: काय घडले, कोणत्या यंत्रावर, ते नेहमीपेक्षा वेगळे कसे, आणि आता पहिले पाऊल कोणते. वाक्य साध्या हिंदीत आणि इंग्रजीत असावे. ‘विसंगती गुण ०.८७’ असे लिहून कोणाचेही भले होत नाही; ‘भांडार विभागाचा संगणक आज प्रथमच नकाशा सर्व्हरशी बोलला, रात्री २.१० वाजता’ असे लिहिले तर माणूस उठून पाहतो. इशारा बंद करताना कारण लिहायला लावावे, कारण बदलीवर येणाऱ्या पुढच्या माणसासाठी तीच शिकवण असते. सोबतची पुस्तिका छापील असावी आणि तिच्या आधारे साधन पहिल्यांदा पाहणाऱ्या, तुमच्या गटाबाहेरच्या कोणालातरी बसवून, तुम्ही शेजारी न बोलता, एक पूर्ण पाळी काढून घ्यावी. कोठे हात अडखळतो ते पाहून पडदा बदलावा.

चाचणीत माळव्याच्या हवामानाचा उपयोग करून घ्यावा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, पंख्याविना, पूर्ण वाहतुकीखाली यंत्र दोन दिवस ठेवावे. मध्येच वीज काढावी आणि नोंदींची साखळी अखंड राहते का ते तपासावे. नोंद लिहिता लिहिता वीज गेली तर शेवटची ओळ अर्धवट राहते, आणि अशा ओळीवर अडून साधन पुन्हा सुरूच न होणे हा दोष अनेकदा आढळतो.

साधन प्रयोगशाळेत उभे राहिल्यावर पुढचा रस्ता खुला आहे. संरक्षण मंत्रालयाची ‘आयडेक्स’ ही योजना २०१८ पासून चालू आहे. तिच्या आव्हान-स्पर्धांतून सैन्याच्या तिन्ही दलांनी मांडलेल्या प्रश्नांवर नवउद्योग काम करतात आणि निवडल्या गेलेल्यांना दीड कोटी रुपयांपर्यंत, तर ‘आयडेक्स प्राइम’मध्ये दहा कोटींपर्यंत अनुदान मिळू शकते. अर्जासोबत चकचकीत सादरीकरणापेक्षा धोक्याचा कागद, प्रत्येक नियमाशेजारचे खोट्या इशाऱ्यांचे गणित, ग्रंथालयांची यादी, साधन किती स्मृती, किती वीज आणि दुव्याचा किती भाग घेते याची मोजलेली आकडेवारी, आणि साधन बंद पडल्यावर नेटवर्क चालू राहिल्याची चाचणी-नोंद जोडावी. ही आकडेवारी ९६०० बिटांच्या दुव्यावर आणि मेच्या उन्हात घेतलेली असावी, आणि तपासणाऱ्याला तीच चाचणी स्वतः पुन्हा करून पाहता येईल अशा रीतीने तिच्या सर्व पायऱ्या त्याच कागदावर लिहिलेल्या असाव्यात.